गल्लीतला साधा बार: आपुलकीची जागा की नुसतं उदात्तीकरण?

पारावरचा
खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, बाटल्यांमागचा आरसा डागाळलेला, मेनूकार्डचा पत्ता नाही, असा कोपऱ्यावरचा बार मला कुठल्याही चकचकीत लाउंजपेक्षा जास्त प्रिय आहे आणि ते फक्त दारू स्वस्त म्हणून नाही. तिथे कपडे कसले घातलेत, एकटे का आलात, एका ग्लासवर इतका वेळ का बसलात हे कोणी विचारत नाही. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये घर आणि कामाच्या पलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’बद्दल लिहिलं, त्यात अशा जागेची एक खूण त्याने सांगितलीये की ती दिसायला साधीच असते. मला हे शंभर टक्के पटतं. जागा नटली की माणसं पण नटून येतात, मग गप्पा मारायच्या कधी?

मधुरा_के
कोणी काही विचारत नाही, हा अनुभव पुरुषांचा. एकटी बाई आत शिरली की अख्खा बार मान वळवून बघतो. न्यूयॉर्कचं मॅकसॉर्लीज घ्या, जमिनीवर भुसा, बियर दोनच प्रकारची, साधेपणासाठी जगभर नावाजलेलं. तिथे १९७० पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता, आणि तो मिळाला तोही कोर्टकचेऱ्या झाल्यावर. बायकांसाठी वेगळं टॉयलेट व्हायला १९८६ उजाडलं! अशा जागेला सगळ्यांची जागा कसं म्हणायचं?

पारावरचा
मधुरा, ते दार बंद होतं हे वाईटच, पण त्याचा दोष साधेपणाला देऊ नका. त्याच शहरात प्लाझा या आलिशान हॉटेलच्या ओक रूममध्ये पण दुपारी बायकांना बसू देत नव्हते, १९६९ मध्ये स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन आणि बाकीच्या जणींनी तिथे जाऊन निषेध केला होता. आणि त्याच वर्षी जिथून समलिंगींच्या हक्कांचा लढा पेटला ते स्टोनवॉल म्हणजे एक कळकट बारच होता, कारण प्रतिष्ठित ठिकाणी त्या लोकांना कोणी उभंच करत नव्हतं.

तिरकीट
स्टोनवॉलचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या ना. माफियाचा बार होता तो, काउंटरमागे नळाचं पाणी नव्हतं, उष्टे ग्लास टबात बुचकळून परत भरायचे. लोक तिथे जायचे कारण दुसरा पर्याय नव्हता, तो कळकटपणा काय त्यांनी आवडीने निवडला होता का? तुम्ही नाइलाजाला आपुलकी म्हणताय. आणि ड्राफ्ट बियरच्या, म्हणजे पिंपातून नळाने येणाऱ्या बियरच्या, पाइपलाइन दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, नाहीतर आत बॅक्टेरिया वाढून बियर आंबट लागते. जिथे टेबल पुसत नाहीत तिथे पाइप धुतात असं वाटतं तुम्हाला?

निशाचर२
म्हणून तर अशा ठिकाणी बाटली मागवायची, साधा उपाय आहे. पण तिरकीटराव, नाइलाजाने आलेली माणसं पुढे एकमेकांची होतात हे पण खरं ना? नाइट शिफ्ट संपवून येणारी माणसं, नुकतेच एकटे पडलेले म्हातारे, यांना नावाने हाक मारणारी दुसरी जागा कुठली उरलीये ते सांगा. रोज येणारा दोन दिवस दिसला नाही तर बारवाला चौकशी करतो, लाउंजमध्ये हे होत नाही कारण तिथे स्टाफच सारखा बदलतो.

अनघा
तो बारवाला ग्लासागणिक पैसे पण घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. माझ्या घरात एक माणूस अशाच ‘आपुलकीच्या’ जागेत रोज संध्याकाळी जायचा, आणि तिथे त्याला नावाने हाक मारणाऱ्यांपैकी एकानेही कधी त्याला पुरे म्हटलं नाही. एकटेपणावर उपाय हवाय ना, मग वाचनालयं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा, बसायला बाकं द्या, दारूच कशाला मध्ये हवी?

पारावरचा
अनघा, तुमच्या घरातल्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही. पुरे म्हणता न येणारा बारवाला माझ्या लेखी नालायकच. पण वाचनालयात मोठ्याने बोलता येत नाही आणि बाकावर पावसात बसता येत नाही, म्हणून मी अजूनही साध्या बारच्याच बाजूने.

मधुरा_के
बाजूने रहा, पण मग मागण्या पण करा. टॉयलेटला आतून लागणारी कडी, दाराबाहेर दिवा, आणि गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी त्रास देणाऱ्याला बाहेर काढणारा मालक. एवढं असेल तर खुर्ची फाटकी असली तरी मी येऊन बसेन.