मदत हवी आहे: नवी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतोय, भोकं पाडायच्या आधी विचारतो

नमस्कार मंडळी,

गेली सात-आठ वर्षं एका जुन्या, चार हात फिरून आलेल्या १२ फुटी रिव्हेटवाल्या बोटीतून गळाने मासे गरवतोय. आता पहिल्यांदाच कोरी बोट घेतोय. १६ फुटी, वेल्ड केलेली, ५०५२ मिश्रधातूचा पत्रा, तळाला अडीच मिलिमीटर जाडी. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, तळ व्ही आकाराचा आणि मागे बऱ्यापैकी चपटा. ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. पाणी गोडं, जलाशय मोठा, आणि दुपार कलली की वारा सुटतो म्हणजे सुटतोच. बोटीत बहुतेक वेळा मी आणि धाकटा भाऊ, क्वचित तिसरा कोणी.

बयाणा देऊन झालाय. अडलंय ते पुढे. विक्रेता म्हणतो, "काय काय बसवायचं त्याची यादी द्या, सगळं लावूनच ताब्यात देतो." ऐकायला झकास. पण त्याच्याकडे तयार उभ्या असलेल्या एका बोटीच्या मागे मी वाकून बघितलं, तर फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग, थेट ट्रान्समला (इंजिन लागतं त्या मागच्या भिंतीला) स्क्रू मारून ठोकलेला आणि भोकांभोवती बाथरूमला लावतात तसलं पांढरं सिलिकॉन. तेव्हापासून यादी खिशातच आहे.

एवढा धसका का, ते सांगतो. जुनी बोट गेल्या हंगामात पाणी घ्यायला लागली. थोडंच, सकाळभरात दोन-तीन तांबे. मला वाटलं रिव्हेट ढिले झाले असणार. ट्रेलरवरच बोटीत टाचभर पाणी भरलं आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन खाली उताणा झोपलो, खडू हातात. थेंब दिसला की गोल. रिव्हेटची अख्खी रांग कोरडी! थेंब येत होते भलतीकडूनच, मधल्या सपाट पत्र्यातून. दुसऱ्या दिवशी आतली प्लायवुडची फळी उचकटली. खाली चुन्यासारखी पांढरी भुकटी, आणि ती खरवडल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, अकरा. त्यातल्या एका जागी ओल्या गाळात पितळेचा एक स्विव्हल (दोरी पिळू नये म्हणून लावायची फिरती कडी) रुतून बसला होता, त्याच्या आकाराचा खळगा पत्र्यात उतरलेला. फळी आधीच्या मालकाने घातलेली, कुजू नये म्हणून तांब्याचं औषध मारलेलं लाकूड. लाकूड शाबूत होतं हो! पत्रा गेला.

तर प्रश्न असे. विक्रेत्याकडून काय करून घ्यावं आणि काय अजिबात करू देऊ नये? पुढे लावायची ट्रोलिंग मोटर (गरवताना बोट हळू हलवणारी विजेची मोटर) १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची पुरेल की २४ व्होल्टवर जावं? बॅटऱ्या कुठे ठेवाव्यात? आणि खाली गालिचा की व्हिनाइल? भावाला गालिचा हवाय, आवाज होत नाही म्हणून.

संथपाणी:

अभिनंदन. पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही: तीन फेऱ्या होईपर्यंत एकही भोक पाडू नका. रॉड होल्डर, स्क्रीन, पेडेस्टल (खुर्चीचा खांब), सगळ्याच्या जागा रंगाऱ्याच्या कागदी टेपने आखा, त्यावर पेनाने नाव लिहा आणि खुशाल गरवायला जा. मी माझ्या बोटीत रॉड होल्डर अंगणात बसून ठरवले. पाण्यात गेल्यावर कळलं की मासा लागला की माझं कोपर नेमकं तिथेच येतं. ती चार भोकं आजही बुजवलेली दिसतात, आणि दर वेळी मी ती बघतो.

स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं जमत नाही हे लक्षात ठेवा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, की अ‍ॅल्युमिनियम झिजणार. म्हणून प्रत्येक आट्यावर गंजरोधक पेस्ट आणि वायसरखाली नायलॉनचा वायसर. पितळी आणि काशाच्या फिटिंगांना बोटीत थारा देऊ नका. पुढेमागे तळाला रंग द्यायची वेळ आली तर तांबं असलेला शेवाळरोधक रंग चुकूनही नको. आणि तुमच्या त्या स्विव्हलने शिकवलंच आहे: पितळी स्विव्हल, शिसं, खिशातली नाणी, सगळं झाकणाच्या डब्यात.

ट्रान्सड्यूसरसाठी ट्रान्समवर आधी एचडीपीई प्लास्टिकची जाड पट्टी बोल्टने बसवा. दोनच भोकं, तीही पाण्याच्या रेषेच्या वर, मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरून. मग ट्रान्सड्यूसर त्या पट्टीत हवा तितक्या वेळा काढा-घाला. तो उजव्या अंगाला घ्या, कारण नेहमीचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि उजवीकडे पाती खाली जातात, तिथे बुडबुडे कमी. खालची कड तळाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली. आणि त्याच्या बरोबर पुढे तळावरची उभार पट्टी येत नाही ना, ते बघा. ती आली तर वेग घेतला की स्क्रीनवर नुसता पाऊस.

तारकाम:

मी वायरिंगपुरतं बोलतो, बाकी तज्ज्ञ आहेत.

गाडीत जसं बॉडीला अर्थिंग देतात तसं अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत करायचं नाही. करंट परत आणायला हलचा (बोटीच्या धातूच्या अंगाचा) वापर झाला की झीज कितीतरी पटीने वाढते. प्रत्येक उपकरणाला स्वतःची पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तार, दोन्ही बॅटरीपर्यंत. कोणी "एक वायर वाचते" म्हणाला तर त्याला बोटीवर चढू देऊ नका.

तार कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची. टोकं क्रिंप करून (पकडीने दाबून), वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. नुसतं सोल्डर नको, हादऱ्यांनी तार नेमकी सोल्डर संपतं तिथे तुटते. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (कडा झाकणारी कडी). मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत.

आता तुमचा १२ की २४. साधा नियम असा की भरलेल्या बोटीच्या दर १०० पौंडांना निदान २ पौंड जोर. तुमचा हल, इंजिन, दोन माणसं, बॅटऱ्या, पेट्रोल, सामान धरून समजा ६२५ किलो, म्हणजे सुमारे १४०० पौंड. नियमाने २८ पौंड पुरतात. वाऱ्यासाठी दुप्पट धरा, ५५ झाले. म्हणजे १२ व्होल्ट चालेल. पण पूर्ण जोरावर ती मोटर ५० अँपिअरच्या आसपास ओढते, आणि तिथे तारेची जाडी आडवी येते. बॅटरी ते नाळ ४ मीटर, जाऊन-येऊन ८. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण ०.४३ व्होल्ट गळतात, २५ मध्ये ०.२८. तीन टक्क्यांची मर्यादा धरली तर १२ व्होल्टला ०.३६ पर्यंत चालतं. म्हणजे २५ ची तार घ्या, नाहीतर बॅटरी पुढे सरकवा.

त्या मोटरच्या दांड्याची लांबीही बघा. अ‍ॅल्युमिनियमची बोट हलकी, लाटेवर नाळ उचलली जाते आणि आखूड दांड्याची मोटर हवेत घुर्रर्र करत बसते.

काठावरचा:

बूच.

गंमत नाही. नव्या बोटीच्या उत्साहात पहिल्याच दिवशी मागचं, पाणी काढायच्या भोकाचं बूच न लावता उतरवणारे मी स्वतः तीन पाहिलेत. त्यातला एक मी.

जुना खलाशी:

वरच्या मंडळींशी थोडा मतभेद. विक्रेत्याला सगळंच नको म्हणू नका. इंजिन बसवणं, स्टिअरिंग, कंट्रोल केबल, पेट्रोलची लाइन हे त्याच्याकडूनच करून घ्या. उद्या इंजिनात काही निघालं तर "तुम्हीच बसवलंत" असं म्हणायची सोय त्याला ठेवायची नाही. फक्त तिथे हजर राहा. ट्रान्सम २० इंची तर इंजिनही लाँग शाफ्टच हवं. पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत, किंवा जरा वर.

इंजिनाची रग जिरल्यावर, म्हणजे पहिले दहाएक तास एकाच वेगावर न रेटता कमीजास्त करत चालवल्यावर, पूर्ण थ्रॉटलची परीक्षा घ्या. तुम्ही दोघं, टाकी भरलेली, सगळं सामान आत. पुस्तिकेत समजा ५००० ते ६००० आरपीएम दिलेत आणि तुमचं ४७०० वरच अडलं, तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकेल ते माप) जास्त आहे. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. रिकाम्या बोटीत विक्रेत्याने दाखवलेला आकडा काही कामाचा नाही. आणि पहिली सर्व्हिस २० तासांना, ती चुकवू नका.

इंजिनावरचे अ‍ॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, कशाचे आहेत तेही विचारा. गोड्या पाण्यात जस्ताचे अ‍ॅनोड नुसते शोभेला राहतात, मॅग्नेशियमचे हवेत. कधी खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर मात्र मॅग्नेशियम भराभर संपेल.

गालिच्याबद्दल भावाला सांगा: मऊ असतो, आवाज खातो, आणि ओल धरतो, वास धरतो, गळ धरतो. ट्रेबल हुक गालिच्यात अडकला की अर्धा तास गेला. व्हिनाइल घ्या. पक्कड खाली पडली की ढोलासारखा आवाज येतो तो पायाखाली रबरी मॅट टाकून निभावतो.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार, विशेषतः "बूच"साठी. बॅटरीचं अजून डोक्यात शिरत नाही. इंजिन, टाकी, आम्ही दोघं, सगळं मागे. त्यात बॅटऱ्याही मागेच ठेवल्या तर बोट बसणार ना? लिथियम घेतली तर?

तारकाम:

बसेल, आणि वेग घेताना नाक उचलून सीसॉसारखी वर-खाली करेल. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी २८ किलोच्या आसपास, लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ च्या. शिवाय शिशाची निम्मीच वापरायची असते. ट्रोलिंगसाठी लिथियम घ्या आणि मधल्या बाकाखाली पट्ट्याने आवळून ठेवा. मात्र इंजिनाच्या चार्जिंगला ती थेट जोडू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, पुस्तिकेत सांगितली असेल तीच.

बिल्ज पंपाचा (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा स्विच, मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवर. बोट नांगरून तुम्ही घरी झोपलेले असताना पाऊस येतो. आणि पंपाच्या डब्यावर तासाला १९०० लिटर लिहिलेलं असलं तरी ते पाणी वर न चढवता मोजलेलं असतं. एक माप मोठा घ्या.

धागाकर्ता:

बोट आली. विक्रेत्याकडून इंजिन, स्टिअरिंग आणि पेट्रोलची लाइन एवढंच करून घेतलं. तो थोडा फुगला, पण यादीतला व्हिनाइलचा तळ त्याच्याकडूनच घेतल्यावर निवळला. फळी साध्या मरीन प्लायची, तांब्याचं औषध नाही, हे बिलावर लिहून घेतलं.

दोन फेऱ्या झाल्यात. आत सतरा ठिकाणी टेप आहे. स्क्रीनची जागा पहिल्याच दिवशी बदलली, कारण भाऊ पुढच्या खुर्चीत बसला की मला स्क्रीन दिसतच नाही, त्याची पाठ दिसते. त्याने नाळेजवळ स्वतःचाच एक टेप लावलाय, त्यावर लिहिलंय "इथे गालिचा". तो अजून काढलेला नाही.

बॅटरी मधल्या बाकाखाली, २५ ची तार ओढायची बाकी. बूच विसरलो नाही. इंजिनाच्या किल्लीलाच बांधलंय.