तीन महिन्यांत फाशी? निवेदनावर सही करण्याआधी

अ-२०३ : निवेदनाचा मसुदा वर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. मागणी एकच, अत्याचार करून खून केला तर तीन महिन्यांत फाशी. उद्या रात्रीपर्यंत सोसायटी ऑफिसात सह्या कराव्यात.

क-५०१ : काका, राग रास्त आहे, पण 'तीन महिने' कायद्यात बसत नाही. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती देताच येत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरीही. दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा मुळापासून तपासतात. मग सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचार याचिका (२०१४ पासून तीन न्यायमूर्तींसमोर, खुल्या न्यायालयात) आणि शेवटी दया अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) राज्यपालांकडे अर्ज करायला ३० दिवस आणि त्यांनी फेटाळल्यावर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस. नुसत्या अर्जांच्या मुदतीच तीन महिन्यांच्या.

अ-२०३ : कसाब नोव्हेंबर २००८ ला पकडला, मे २०१० मध्ये शिक्षा, नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. मनात आणलं की होतं.

क-५०१ : होतं, आणि एकही पायरी न गाळता झालं. तरी चार वर्षं लागली.

ब-७०४ : मी फाशीच्या बाजूचा आहे, पण आपल्याकडे वेळ कुठे जातो ते काकांनी बघावं. पुण्याचं बीपीओ कर्मचारी तरुणीवरच्या अत्याचाराचं आणि खुनाचं प्रकरण, गुन्हा २००७ चा. राष्ट्रपतींनी दया अर्ज मे २०१७ मध्ये फेटाळला. पुढे काम एकच, सत्र न्यायालयाने वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा आदेश, काढायचं. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये! जवळजवळ दोन वर्षं फाईल तुरुंग, मंत्रालय आणि न्यायालय यांच्यात पडून. उच्च न्यायालयाने त्या विलंबावर फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींचंही तेच, दया अर्ज निकाली निघायला जवळपास आठ वर्षं. बाबूंच्या दिरंगाईचा फायदा गुन्हेगाराला का? मुलीच्या आईवडिलांना काय सांगायचं?

क-५०१ : दादा, आईवडिलांचा हा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. न्यायालयाचं म्हणणं असं, की मरणाची तारीख न सांगता माणसाला वर्षानुवर्षं फाशीच्या कोठडीत ठेवणं ही कायद्यात नसलेली वेगळी शिक्षा आहे. ती सरकारने दिली, म्हणून वर फाशीही देता येत नाही (शत्रुघ्न चौहान निकाल, २०१४).

पण घाई केली तर काय होतं तेही बघा. नाशिकचा २००३ चा दरोडा आणि खुनाचा खटला, आरोपी सहा, भटक्या जमातीचे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही आणि हा कागद तीन न्यायालयांच्या नजरेतून निसटला. भरपाई प्रत्येकी पाच लाख. तीन महिन्यांत उरकलं असतं तर भरपाई कोणाला देणार होतो?

ड-१०२ : पुण्याचं १९९४ चं हत्याकांडही घ्या. फाशीच्या कैद्याचं वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षं होतं, हे शाळेच्या रजिस्टरवरून २०२३ मध्ये सिद्ध झालं. तोवर तो २८ वर्षं आत.

ब-७०४ : चुका तपासाच्या आहेत, शिक्षेच्या नाहीत. तपास सुधारा.

क-५०१ : मान्य. पण चूक उघडकीला यायला नाशिकला जवळपास सोळा, पुण्यात अठ्ठावीस वर्षं लागली. कैदेतला माणूस सोडता येतो. १९८० च्या बचनसिंग निकालापासून नियम असा, की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच, आणि जन्मठेप का पुरत नाही ते न्यायाधीशाने लिहायचं. २०२२ च्या मनोज निकालाने त्यात मानसोपचार तज्ज्ञांचा अहवाल, तुरुंगातली वागणूक आणि घरची परिस्थिती बघणं भाग केलं. ही कागदपत्रं खालच्या न्यायालयात जमवली नाहीत तर वर फाशी टिकणं कठीण. फाशी हवी असणाऱ्यांनी तर याचाच आग्रह धरायला हवा.

अ-२०३ : आणि जन्मठेप दिली की १४ वर्षांनी बाहेर!

ड-१०२ : नाही हो काका. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षांच्या आत शासनाला सूट देताच येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. २००८ पासूनच्या निकालांमुळे वरची न्यायालयं फाशीऐवजी २०, ३० वर्षं किंवा आयुष्यभर सूट नाही असंही लिहू शकतात. दुसरं म्हणजे, अत्याचारालाही फाशी आणि खुनालाही फाशी ठेवली, तर साक्ष देऊ शकणारी मुलगी जिवंत सोडायला गुन्हेगाराला कारण काय उरतं? आरोपी घरातलाच असेल तर तक्रार दाबायला सगळे नातेवाईक पुढे.

ब-७०४ : ताई, हा मुद्दा अत्याचारापुरता पटतो. खून झालाय तिथे नाही.

क-५०१ : मग मसुद्यात मुदत फाशीला न घालता कामाला घालू या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल, साक्षीदारांना संरक्षण, आरोपीला पहिल्या दिवसापासून अनुभवी वकील आणि दया अर्जाच्या फाईलवर प्रत्येक टेबलाची तारीख.

अ-२०३ : तीन महिन्यांचं वाक्य काढतो, वरचे मुद्दे घालतो. फाशीची मागणी मी काढणार नाही. तिला वेगळा रकाना ठेवतो, पटेल त्यांनी तिथेही सही करावी.

ब-७०४ : मी दोन्हीकडे करतो.

क-५०१ : मी पहिल्याच रकान्यात.