लॅपटॉप रिकव्हरी पार्टिशनमधून मूळ स्थितीत न्यावा का? सल्ला हवा

पत्रिकावाली, मानेवाडा :
मंडळी, नमस्कार. माझा लॅपटॉप २०१८च्या सुरुवातीला घेतलेला एचपीचा आहे. सातव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एक टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० होम. घरबसल्या लग्नपत्रिका आणि वास्तुपूजनाच्या निमंत्रणांचे टंकलेखन मी त्यावर करते. इतक्या वर्षांत मुलांनी आणि मी मिळून त्यात एवढे काही भरले आहे, की बटण दाबून चहा करून आणि पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. 'दिस पीसी' उघडले की 'रिकव्हरी (डी:)' नावाचा साधारण १३ जीबीचा कप्पा दिसतो आणि त्याची पट्टी लाल झालेली आहे, कारण मुलाने चिखलदऱ्याच्या सहलीचे फोटो तिथेच टाकून ठेवले होते. बर्डीवरच्या एका दुकानात विचारले, तर "सगळे पार्टिशन (म्हणजे डिस्कचे कप्पे) उडवून नवीन विंडोज टाकून देतो" एवढेच उत्तर मिळाले. एफ११ दाबून हे काम घरीच होते असे ऐकले आहे. तसे करावे का आणि करायचे असेल तर आधी काय सांभाळावे? जुन्या पत्रिका श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्राममधल्या आहेत, त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते.

धंतोलीकर :
ताई, दुकानात नेला नाहीत हे बरे केलेत. त्या १३ जीबीमध्ये लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हाचे विंडोज, ड्रायव्हर आणि कंपनीचे प्रोग्राम यांची प्रत असते. पार्टिशन उडवले की ती प्रतही जाते. मुलाचे फोटो तेवढे दुसरीकडे हलवा, पण त्या कप्प्यातल्या बाकीच्या फोल्डरना अजिबात हात लावू नका.

मात्र एफ११ दाबण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ही प्रत त्याच हार्ड डिस्कवर आहे, त्यामुळे डिस्क गेली तर प्रतही तिच्याबरोबर जाईल. म्हणून पहिले काम म्हणजे 'एचपी रिकव्हरी मॅनेजर' उघडून रिकव्हरी मीडिया, म्हणजे त्या प्रतीचा बाहेरचा संच, तयार करणे. त्यासाठी ३२ जीबीचा चांगला, रिकामा पेनड्राइव्ह घ्या. हा संच एकदाच करू दिला जातो, त्यामुळे घरात पडलेला जुना, डगमगता पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, सुरू करताच एफ११ थांबून थांबून दाबत राहा, 'ट्रबलशूट' मधून रिकव्हरी मॅनेजर निवडा. त्यानंतर फायलींची प्रत काढायची का असे विचारले जाईल. तोवर तुमची प्रत बाहेरच्या डिस्कवर निघालेली असली पाहिजे, कारण पुढच्या टप्प्यात सी ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. दुसऱ्या कंपन्यांचे लॅपटॉप असणाऱ्यांसाठी सांगतो : एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१० एकत्र दाबतात, असुसच्या जुन्या लॅपटॉपांत एफ९ असते आणि लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपांना कडेला 'नोव्हो' नावाचे बारीक बटण असते, ते टाचणीने दाबावे लागते.

महालचा वाचक :
ताई, चार्जर लावल्याशिवाय आणि इन्व्हर्टरची खात्री केल्याशिवाय हे काम सुरू करू नका. मी मागच्या मे महिन्यात दुपारी हेच करायला बसलो होतो. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली होती, तरी मी तिकडे लक्ष दिले नाही. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली असताना वादळ सुटले आणि लाईन गेली. संध्याकाळी लाईन आली तेव्हा ना जुने विंडोज उरले होते, ना नवे पूर्ण झाले होते. एफ११ दाबले तरी काळा पडदाच येत होता. त्याआधी केलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह कपाटात होता म्हणूनच निभावले. तुमच्यासारख्या हार्ड डिस्कवर दोन-अडीच तास सहज लागतील, तेव्हा सकाळची वेळ धरा.

सक्करदरा_तांत्रिक :
धंतोलीकर यांनी सांगितलेली कृती बरोबर आहे, पण या ताईंनी एफ११ वापरावे असे मला वाटत नाही. २०१८च्या सुरुवातीच्या लॅपटॉपमधली कारखान्याची प्रत विंडोज १०च्या १७०९ किंवा त्याच्या आसपासच्या आवृत्तीची असणार. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळणारे सुरक्षा अद्यतन फक्त २२एच२ या विंडोज १०च्या शेवटच्या आवृत्तीला आहे. म्हणजे एफ११ने जुन्या आवृत्तीवर जायचे आणि मग कित्येक तास अद्यतने उतरवत पुन्हा २२एच२ गाठायचे, असा तो उलटा प्रवास होईल. सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, त्यामुळे तो मार्गही बंद आहे.

त्यापेक्षा आता २२एच२ असेल, तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त जाऊन 'रिसेट धिस पीसी' घ्या, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि मग 'लोकल रिइन्स्टॉल' निवडा. त्यात सध्याचीच आवृत्ती राहते. 'क्लाउड डाउनलोड' घेतलेत तर ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, मोबाइलच्या नेटवर ते टाळा.

त्याआधी डिस्कची प्रकृती तपासा. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचे मोफत साधन आहे. त्यात 'कॉशन' असा पिवळा शिक्का दिसला तर रिसेट करण्यात वेळ घालवू नका, आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवा. खरे सांगायचे तर एसएसडीने जो फरक पडतो, तो कोणत्याही रिसेटने पडत नाही. मात्र एक टीबीच्या डिस्कची कारखान्याची प्रत २५६ जीबीच्या एसएसडीवर बसताना अनेकदा अडते. तिथे मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह करून ताजे विंडोज टाकावे. परवान्याची की (सांकेतिक क्रमांक) डिस्कवर नसून लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते, त्यामुळे नेट लावताच विंडोज आपोआप सक्रिय होते आणि की टाइप करावी लागत नाही.

श्री-लिपीबद्दल : फाइल जपली तरी फॉन्ट नसेल तर पत्रिका उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-पद्धतीचे, नाहीत. म्हणून विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले 'श्री-देव'ने सुरू होणारे सगळे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. फायली वाचायला आणि छापायला तेवढे पुरेल, पण टंकलेखनासाठी प्रोग्राम पुन्हा टाकावा लागेल, तेव्हा त्याचा परवाना आणि मूळ संच शोधून ठेवा.

पत्रिकावाली, मानेवाडा :
सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी रिकव्हरी पेनड्राइव्ह केला आणि त्यावर चिकटपट्टीने तारीख लावून तो कपाटात ठेवला. फॉन्ट आणि पत्रिका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. डिस्क तपासली, तर शिक्का निळा होता, म्हणजे डिस्क ठीक होती. मग सकाळी सात वाजता चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावून 'लोकल रिइन्स्टॉल' सुरू केले. साडेनऊला विंडोज २२एच२ वरच उभे राहिले. फॉन्ट परत टाकून भाचीच्या लग्नाची पत्रिका उघडली आणि वरच्या ओळीत "॥ श्री गजानन प्रसन्न ॥" वेलांटीसकट जसेच्या तसे दिसले. सुरू व्हायला अजून दीड मिनिट लागते, म्हणून पुढच्या महिन्यात एसएसडी बसवणार आहे. त्या वेळी मीडिया क्रिएशन टूलबद्दल इथेच विचारीन.