मदत हवी आहे: महिला सरपंचांशी थेट बोलायचं कसं?

नमस्कार. मी परभणीची, पत्रकारिता शिकतेय. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणून जिंतूर-सेलू भागातल्या महिला सरपंचांच्या मुलाखती घ्यायच्यात. पण फोन उचलतात त्यांचे मालक, उत्तरंही तेच देतात. एक ताई मात्र चुलीपाशी बसून पाणीटंचाईवर, टँकरच्या खेपांवर इतकं नेमकं बोलल्या! मी मोबाईल काढला अन् गप्पच झाल्या. आता सगळ्यांना यूट्यूबवर दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो, आणि मला तर त्यांचं पूर्ण म्हणणं लोकांपुढे आणायचंय. चेहरा न दाखवता नुसता आवाज घेतला तर चालेल का? की बचत गटातल्या बायकांमार्फत आधी ओळख वाढवू? कुणी असं काम केलं असेल तर सांगा, फार अडलंय.