मदत हवी आहे: पोरीला जेनेटिक्स शिकायचं आहे, सिंदेवाहीकडून कुठं पाठवू?

धानवाला_बाप
नमस्कार मंडळी. सिंदेवाही तालुक्यातला कास्तकार आहे, तीन एकर धान. पोरगी यंदा बारावी झाली, पीसीबी, गणित नाही. नीटमध्ये एमबीबीएसचे मार्क आले नाहीत आणि रिपीट करायला ती तयार नाही. जेनेटिक्सच पाहिजे म्हणून राहिली. कारण घरातलंच आहे. तिच्या मामाचा मुलगा सिकलसेलचा, एसएस, म्हणजे आईबापा दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं. मामा-मामी दोघंही एएस, म्हणजे एकच बिघडलेलं जनुक असलेले वाहक, पण मुलगा आजारी पडेपर्यंत कोणालेच माहीत नव्हतं. बारावीच्या पुस्तकातला तो चौकोनी तक्ता तिनं मामाच्या घरावरच मांडून दाखवला.

अशी पदवी विदर्भात कुठं मिळते का? आमचे मास्तर म्हणतात, अॅग्रीला घाला, त्यातही जेनेटिक्स असते अन् नोकरीही लागते. गणित नाही म्हणून अडेल काय? खासगी कॉलेजची लाखाची फी झेपणार नाही, हे आधीच सांगतो.

बांधीवरचा
भाऊ, सीईटी दिली का तिनं? अॅग्रीला पीसीबी चालते, पण सीईटीच नसेल तर यंदा तो रस्ता बंद.

मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा. चार वर्षांत जेनेटिक्सचे पेपर मोजके. बाकी माती, कीड, रोग, अर्थशास्त्र, शेवटी गावात राहून शेतीचं काम शिकायचं, त्याले रावे म्हणतात. खरं जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग एमएस्सीला, अन् तेही पिकांचं. धानाच्या एकेका फुलातले सहाही पुंकेसर सायंकाळी काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग झटकायचा, टॅग बांधून पिढ्यानपिढ्या निवड करत बसायचं. तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडेंनी पदवीशिवाय, वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी धान काढलं, तीच ही निवड. मला यात जाम मजा आली. बियाणे कंपन्या, कृषी विभाग, बँका, नोकरीची दारंही जास्त आहेत. पण मामेभावासाठी शिकायचं म्हणणाऱ्या पोरीले बांधीत उभं करू नका. दुसऱ्या वर्षी कंटाळेल. मास्तरांचं अर्धंच खरं आहे.

वैनगंगा
काका, बीएस्सीच्या कागदावर ‘जेनेटिक्स’ हे नाव असलंच पाहिजे हा आग्रह तिला सोडायला सांगा. आपल्याकडं त्या नावाची बीएस्सी शोधत बसण्यात अर्थ नाही. झूलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घ्यावी, पण सोबत केमिस्ट्री सोडू नये. पुढं डीएनए, प्रथिनं सगळं त्यावरच उभं आहे. सिकलसेलच घ्या: एचबीबी जनुकात एका अक्षराचा बदल, त्यानं हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन, आणि तेवढ्यानं लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. हे ‘का’ होतं ते केमिस्ट्रीशिवाय कळत नाही.

एमएस्सीला मग नेम धरावा. नागपूर विद्यापीठात मॉलिक्युलर बायोलॉजी अँड जेनेटिक इंजिनिअरिंग आहे. दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसला जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, फी कमी, पण प्रवेशाला चुरस फार.

बीएस्सीपासूनच तो विषय हवा असेल तर हैदराबाद. उस्मानियाच्या कॉलेजांत मिळतो. बल्लारशाहून थेट गाड्या आहेत, अंतराचं भय नाही. प्रवेश ‘दोस्त’ नावाच्या पोर्टलवर होतो (नाव ऐकून मी आधी फसवणूकच समजले होते), पण तिथल्या सरकारची फी-परतफेड बाहेरच्या राज्यातल्या मुलांना नाही. तो हिशेब आधी करा.

गणितानं प्रवेश अडत नाही. अभ्यासात मात्र शक्यता आणि काय-वर्ग चाचणी (अपेक्षित आकडे आणि प्रत्यक्ष आकडे जुळतात का ते तपासणारी) येतेच. सुट्टीत तेवढी संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी. आणि नुसत्या बीएस्सीवर चांगल्या नोकरीची आशा धरू नका. एमएस्सी, मग नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी, एवढा पल्ला घरानं मान्य केला तरच या वाटेला जावं.

तपासणीवाला
मी आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन. सिकलसेलसाठी आम्ही करतो त्या साध्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलं तरी एएस की एसएस हे कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. मशीन येतात हो. रिपोर्ट हातात घेऊन घरच्यांना समजावणारं माणूस येत नाही. दोघं एएस असले की 25 टक्के म्हणतो आपण, लोक समजतात एक पोरगं एसएस झालं, आता पुढचे तीन चांगले. प्रत्येक गरोदरपणात पुन्हा तेच चारात एक! हे झाडीबोलीत, गोंडीत सांगणारं कोणी पाहिजे. त्याचीच एमएस्सी असते, जेनेटिक कौन्सेलिंग. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, लक्ष्य 2047. काम राहील. पक्क्या पगाराच्या जागा किती निघतील, त्यावर मात्र मी पैज लावणार नाही.

धानवाला_बाप
सर्वांचे आभार. सीईटी दिली आहे, म्हणून अॅग्रीचा फॉर्म भरून ठेवतो, पण पोरीनं तपासणीवाल्या भाऊंचं वाचलं अन् तिकडंच वळली. वैनगंगाताई, ब्रह्मपुरीला राहून झूलॉजी-केमिस्ट्री केलं तर नागपूरच्या एमएस्सीला गोंडवाना विद्यापीठाची पदवी चालते ना?

वैनगंगा
चालते काका, मी तशीच गेले. बाहेरच्या विद्यापीठाच्या म्हणून जागा कमी असतात, त्यामुळं मार्क चांगले ठेवायला सांगा. आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलचा अर्ज प्रवेश झाल्याबरोबर भरा, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. तहसीलमध्ये जूनमध्ये रांग लागते.