एंजल आणि निऑन टेट्रा
घरच्या माशांच्या टाकीत एंजल माशाबरोबर निऑन टेट्रा हे छोटे मासे चालतील का विचारलंय तुम्ही, तर एंजल लहान असेपर्यंत चालतात, पण तो मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि मग तो खाणारच. माझे 12 निऑन होते, सकाळी लाईट लावला की एखादा कमी, उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून टाकीमागे टॉर्च मारून शोधायचो, शेवटी एकदा एंजलच्या तोंडातून लाल शेपटीकडचा भाग बाहेर दिसला, फार वाईट वाटलं. त्यापेक्षा कोरीडोरास हे तळाशी राहणारे मासे घ्या, 6 तरी, आणि तळाला वाळू बारीक हवी नाहीतर त्यांच्या मिशा झिजतात. टायगर बार्ब नकोच, एंजलचे लांब पंख कुरतडतात. गोल्डफिशला पाणी थंड लागतं, त्यामुळे दुकानदार काहीही म्हणो, तोही नको.