मदत हवी आहे: बुलेटच्या कव्हरला पॉलिश करताना छिद्रं उघडी पडतायत

वडिलांची 1986 ची बुलेट पुन्हा उभी करतोय. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं अॅल्युमिनियमचं झाकण) तडकलं होतं म्हणून दुसरं आणलं, पण ते ओतकामातून निघालेलं तसंच, वाळूच्या खरखरीत अंगाचं मिळालं. मला ते वडिलांच्या वेळी होतं तसं चकचकीत हवंय.

आधी कानस मारली. अॅल्युमिनियम दात्यांत भरतं, म्हणून कानशीला खडू चोळत गेलो. मग रॉकेल लावून 120 नंबरचा जाड पॉलिश पेपर, त्यावर आडव्या दिशेने त्याहून बारीक 220. इथवर छान जमलं. पण 400 ला आलो आणि सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसू लागली. घासावं तशी आणखी उघडतात! बफिंगचं (कापडी चाकावर चकाकी आणायचं) मेण त्यात अडकून काळे ठिपके पडतील अशी धास्ती आहे.

इथेच थांबू, की आणखी घासून पाहू? टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून) छिद्रं भरली तर गॅस्केटची, म्हणजे तेल गळू नये म्हणून पट्टी बसते ती सपाट बाजू वाकेल का? कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्लाही मिळाला, पण तो अॅल्युमिनियमच खातो, त्यामुळे ते करणार नाही.

हाताने हे काम केलेल्यांनी कृपया सांगा. दिवाळीला वडिलांना गाडीवर बसवायचंय.